मागच्या सीटवरचं वजन

रोझॅन : माझा हेअर ड्रायर? गाडीला?

क्लेम : आधी रंग तापवावा लागतो. गार पत्रा वाकवला की रंग तडकतो.

रोझॅन : तो मी बॅगेत भरलाय, क्लेम. बॅग बंद करून दाराशी ठेवलीय.

क्लेम : मग उघड परत. बस उद्या सकाळची आहे ना तुझी? हे अर्ध्या तासाचं काम आहे.

रोझॅन : तुझं अर्ध्या तासाचं काम मला लग्न झाल्यापासून माहितीय. अर्नीला हाक मार. कुंपणापलीकडे बसलाच असेल काहीतरी चघळत.

क्लेम : अर्नी नको. आपला डॅरिल गेल्यापासून तो भेटला की आधी खांद्यावर हात ठेवतो, आणि मग सोडतच नाही. बॅट कशाने धरणार?

रोझॅन : बॅट?

क्लेम : बेसबॉलची. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत घालायची. गाडी अगदी हळू पुढेमागे केली की टायर बॅटला फिरवतो, आणि बॅट मडगार्डची आतली कड दाबत जाते. तू पिएरोगीचं पीठ लाटतेस ना, तसंच. कड आत दुमडली की रुंद टायरला जागा होते. एकाने बॅट धरायची, एकाने गाडी हलवायची. एकट्याने होत नाही.

रोझॅन : आणि हे तू करणार. तू! त्या कडेला एकदा माझी पर्स घासली, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलला नव्हतास.

क्लेम : तेव्हा गाडी प्रदर्शनात न्यायची होती. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी ठेवायची होती.

रोझॅन : आणि आता?

क्लेम : आता नाही न्यायची कुठे.

रोझॅन : टायर कधी चढवलेस?

क्लेम : दुपारी. तू वर कपाट आवरत होतीस तेव्हा. मागून बघ एकदा. कशी दबा धरून बसल्यासारखी दिसते. सत्तर सालची शेव्हेल, एवढं दांडगं इंजिन, आणि आजवर मागे सायकलीसारखे टायर. ओल्या रस्त्यावर पाय जरा दाबला की बूड हलवायची. डॅरिल कायम म्हणायचा—

रोझॅन : काय म्हणायचा ते मला माहितीय. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं तुमचं भांडण. त्याने स्वतः जाऊन आणले हे टायर, आख्खा हिवाळा इथे कोपऱ्यात पडून होते. आणि तुला आठवण कधी झाली, तर मी निघायच्या आदल्या दिवशी.

क्लेम : रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन जायला हवं ना. बर्फावर टाकलेलं सगळं तसंच पडलेलं असतं. त्याआधी गाडी बाहेर काढली की पत्रा गंजलाच म्हणून समज.

रोझॅन : पाऊस ईस्टरलाच पडून गेला.

क्लेम : ड्रायर आणतेस ना?

रोझॅन : आणते. जळला तर नवा घेऊन द्यायचा.

(ती ड्रायर घेऊन परत येते. गॅरेजचं दार सताड उघडं आहे.)

क्लेम : असा धर. फार जवळ नको. मधून मधून हात लावून बघ, पोळलं की पुरे.

रोझॅन : माझ्या डोक्याला कधी कुणी एवढं जपून वारं घातलं नाही.

क्लेम : अजून पुढे सरक. चाकाच्या बरोबर वर. हां, तिथेच.

रोझॅन : बरं वाटतंय.

क्लेम : काय?

रोझॅन : हे गरम. हाताला काहीतरी कळतंय तरी. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय माझं. गाल आपलाच असतो, पण चावला तरी पत्ता लागत नाही. घरात फिरते, भांडी घासते, लोक आले की बोलते. आत काहीच होत नाही. रडूही येत नाही रे. दफनाच्या दिवशी माझी बहीण रडत होती आणि मी तिच्या हातात रुमाल देत होते.

क्लेम : मी बघितलं.

रोझॅन : म्हणून चाललेय. तिच्याकडे एस्कनाबाला निदान भिंती तरी दुसऱ्या आहेत.

क्लेम : परतीचं तिकीट काढलंस?

रोझॅन : नाही.

क्लेम : येणार आहेस की नाही परत?

रोझॅन : मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, क्लेम. विचार करायला गेले की तिथे काहीच सापडत नाही. हो पण नाही आणि नाही पण नाही.

क्लेम : बरं.

रोझॅन : बरं म्हणजे काय?

क्लेम : बरं म्हणजे... पोळलं बघ. बंद कर तो. आता आत बस, स्टिअरिंगवर.

रोझॅन : मी? या गाडीची किल्ली कधी हातात धरायला दिली नव्हतीस!

क्लेम : आज देतोय. ब्रेकवर पाय घट्ट ठेव. गिअर टाकलास की ती आपणहून सरकते. ब्रेक जरा सोडायचा, परत दाबायचा. वीतभर मागे, वीतभर पुढे. दुसऱ्या पेडलकडे ढुंकून बघायचं नाही.

रोझॅन : आणि तुझी बोटं?

क्लेम : माझी बोटं मी सांभाळतो.

रोझॅन : सांभाळच. तुझी बोटं चेंगरली तर त्या हॉस्पिटलात मी येणार नाहीये. पायरीसुद्धा चढणार नाही मी तिथली पुन्हा, सांगून ठेवते.

क्लेम : चालू कर. हां. मागे. मागे. बास! आता पुढे. हळू. हळू म्हटलं ना!

रोझॅन : हळूच आहे! ही बाई नुसती थरथरतेय खालून. पळायचंय तिला.

क्लेम : पळायला नंतर. पुढे. बास. मागे. वळतेय, रोझॅन. कड वळतेय. चांगली मऊ झालीय.

रोझॅन : करकर कसली ती?

क्लेम : पत्र्याची. रंग नाही गेला. पुढे. बास. ब्रेक धर, बॅट जरा आत सरकवतो.

रोझॅन : बोलत राहा. आरशात तू दिसत नाहीयेस. गप्प झालास की मला भीती वाटते.

क्लेम : काय बोलू?

रोझॅन : काहीही बोल.

क्लेम : मागे. बास. पुढे. बास.

रोझॅन : याला बोलणं म्हणतात?

क्लेम : मागे. बास. बंद कर इंजिन. ही बाजू झाली. आता पलीकडची तापव.

रोझॅन : बघ, दोन बाजू म्हणजे अर्ध्या तासाच्या दुप्पट.

क्लेम : दुसरीला एवढा वेळ नाही लागत. एकदा पाय बसला की बसला.

रोझॅन : खरंच की. ही दुसरी बाजू पटकन झाली. मला येतंय म्हणजे.

क्लेम : येतंय. आता उतर आणि टायर आणि कड यांच्यामध्ये बोट घालून बघ.

रोझॅन : आरामात जातंय. झालं तर मग! जाऊ मी? ड्रायर गार झाला की परत भरायचाय.

क्लेम : थांब. असं कळत नाही ते. रिकाम्या गाडीत कुठलाही टायर बसतो. दुपारी मी येड्यासारखं गाडी जॅकवर असतानाच मापलं. चाकं खाली लोंबकळत होती, आख्खा हात जात होता. म्हटलं, कड वळवायचीही गरज नाही. खाली उतरवली तर कागद जाईना.

रोझॅन : डॅरिल हसला असता.

क्लेम : पोट धरून. मागे माणूस बसला की गाडी दबते, तेव्हा खरं काय ते कळतं. पूर्वी टायर बदलले की असंच बघायचो आम्ही. मी चाकाशी वाकलेला, अर्नी गाडी हलवायला, आणि मागच्या सीटवर...

रोझॅन : तो.

क्लेम : वजन म्हणून.

रोझॅन : हो.

क्लेम : तळघरात मीठ आहे ना आपलं? जड पाणी मऊ करायला टाकीत घालतो ते. चाळीस-चाळीस पाउंडांच्या पिशव्या आहेत. त्या आणून ठेवतो सीटवर.

रोझॅन : जिना चढून? तुझी पाठ काय म्हणेल?

क्लेम : पाठीला कोण विचारतंय.

रोझॅन : बस आता जरा. घामाघूम झालायस. आणखी किती आणणार आहेस?

क्लेम : चार झाल्या. अजून एक अर्धी करून आणतो. म्हणजे एकशेऐंशी. तो एकशेपंच्याऐंशी होता, पण तेवढं इकडेतिकडे चालतं.

रोझॅन : कोण एकशेपंच्याऐंशी होता?

क्लेम : कोण म्हणजे? डॅरिल.

रोझॅन : डॅरिल एकशेबारा होता.

क्लेम : रोझॅन...

रोझॅन : तीन पिशव्यासुद्धा भरत नाहीत. तिसरीतलं थोडं काढावं लागेल.

क्लेम : ते शेवटचं होतं.

रोझॅन : शेवटचंच. काटा मी बघत होते, तू नव्हतास. नर्स त्याला काट्यावर उभा करायची आणि मी दंडाला धरून उभी. ती म्हणायची, बाई, हात सोडा जरा, नाहीतर वजन बरोबर येत नाही. मग मी सोडायचे. आकडा स्थिर होईपर्यंत तो एकटा उभा. हलायचा नुसता. दर वेळी वाटायचं, आता पडतो.

क्लेम : मला कधी सांगितलं नाहीस.

रोझॅन : तू विचारलंस कधी? मी घरी यायचे तेव्हा तू या गाडीखाली असायचास. मी आले हे तुझ्या बुटांना सांगायचे.

क्लेम : तो काट्यावरचा मला नाही बसवायचा तिथे.

रोझॅन : आणि मला बसवायचाय?

क्लेम : तसं नाही म्हणत मी. मी त्याच्या खोलीत गेलो की तो उठून बसायचा. धाप लागायची, तरी बसायचा. टायर चढवले का, विचारायचा. मी म्हणायचो, तू ये घरी, मग चढवू. मग त्याला धाप लागलेली बघवायची नाही, की उठलो मी. तुला वाटायचं मी लगेच घरी पळतो. खाली पार्किंगमध्ये ट्रकमध्ये बसून राहायचो. इंजिन बंद करून. काच वाफेने भरून जायची.

रोझॅन : माहितीय.

क्लेम : काय माहितीय?

रोझॅन : खिडकीतून दिसायचा तुझा ट्रक. तो मला खुर्ची खिडकीशी ओढायला लावायचा. म्हणायचा, डॅड गेला नाही अजून.

क्लेम : तो... बघायचा?

रोझॅन : तू जाईपर्यंत. मग म्हणायचा, आता झोपतो.

क्लेम : मला माहीत नव्हतं.

रोझॅन : काढ ती चौथी पिशवी.

क्लेम : नाही काढणार.

रोझॅन : क्लेम.

क्लेम : माझ्या डोक्यात तो एवढाच आहे. मागे धप्पकन बसायचा आणि गाडी दबायची. एक कोपर खिडकीबाहेर. मला दुसरा येतच नाही, रोझॅन. आणायला बघतो तरी येत नाही. मला हाच ठेवू दे.

रोझॅन : आणि मी कुठला ठेवू? मला हा तुझा आठवतच नाही. डोळे मिटले की काट्यावरचाच दिसतो.

अर्नी : काय रे, भांडताय? भांडा, भांडा! मी म्हटलं, आवाज येतोय, बरं झालं. इतके दिवस या घरातून मांजर शिंकल्याचाही आवाज नाही. पॅटीचं भांडं न्यायला आलोय, बरं का. बायकोचा हुकूम. चर्चच्या जेवणाला हवंय म्हणे.

रोझॅन : स्वयंपाकघरात ओट्यावर आहे, अर्नी. घासून ठेवलंय. तळाला चिकटपट्टीवर पॅटीचं नाव आहे. सगळ्यांचीच काढून ठेवलीत, कोणाचं कोणाकडे जायला नको. तुम्ही सगळ्यांनी मिळून आम्हाला नूडल्समध्ये बुडवून मारायचं ठरवलं होतंत.

अर्नी : अगं, दुःखात माणसाने खाल्लं पाहिजे. मी तर दुसऱ्याच्या दुःखातही खातो. अरे बापरे! क्लेम! तू कड वळवलीस? या गाडीजवळ मी शिंकलो तरी तू फडकं घेऊन धावायचास! बघू, बघू. काय बसलेत टायर! आपल्या डॅरिलने बघितलं असतं ना, तर... बरं, जाऊ दे. ही मिठाची पोती कशाला? गाडीत कोबी मुरवताय?

क्लेम : वजन हवंय मागे. टायर घासतोय का ते बघायचंय.

अर्नी : मग मला हाक मारायला काय झालं होतं? मी बसतो की! पॅटीच्या कृपेने दोन माणसांचा ऐवज आहे माझ्याकडे. काढ ती पोती, सरक.

रोझॅन : नको.

अर्नी : अगं, पाच मिनिटांचं तर काम—

रोझॅन : तिथे बसू नकोस, अर्नी.

अर्नी : बरं. बरं बाई. मी आपलं सहज म्हटलं. भांडं घेतो आणि निघतो. क्लेम, मित्रा, कधीही, काहीही लागलं तर...

क्लेम : हाक मारीन. खांदा सोड आता.

अर्नी : हो, हो. रोझॅन, दाराशी बॅग दिसतेय ती?

रोझॅन : बहिणीकडे चाललेय. एस्कनाबाला.

अर्नी : किती दिवस?

रोझॅन : ठरलं नाही.

अर्नी : असं. मग हा इकडे एकटा... नाही, मी काही बोलत नाही. मी चाललो.

क्लेम : बिचारा. चेहरा पडला त्याचा.

रोझॅन : पॅटीने केलेलं काहीतरी खाईल आणि विसरेल. पिशव्या काढ.

क्लेम : एक काढतो. तीन ठेवू. चालेल ना तुला तीन?

रोझॅन : सगळ्या काढ. मी बसते.

क्लेम : मागे? तू?

रोझॅन : माझं वजन तुझ्या डॅरिलच्या आणि माझ्या डॅरिलच्या बरोबर मध्ये पडतं. आकडा विचारू नकोस.

क्लेम : नाही विचारत.

रोझॅन : हात दे. देवा रे, या फटीतून माणसाने शिरायचं कसं? तो एवढा उंच, कसा शिरायचा?

क्लेम : आधी डोकं, मग शिव्या, मग पाय.

रोझॅन : माझ्या शिव्या मनातच राहू देत. हां, बसले. आता काय करायचं?

क्लेम : कान द्यायचा. सपाट रस्त्यावर नाही कळणार. रेल्वे फाटकाशी रूळ वर आलेत ना, तिथे गाडी दणका खाऊन खाली दबते. घासायचा असला तर टायर तिथेच घासेल. फर्रकन आवाज येतो. तुझ्या बुडाखालूनच येईल.

रोझॅन : समजलं. चल.

क्लेम : ठीक आहेस ना मागे?

रोझॅन : ठीक आहे. इथून तुझी नुसती मान दिसते. केस किती वाढलेत!

क्लेम : कापते कोण? तूच ना?

रोझॅन : मीच. राहूनच गेलं या सगळ्यात.

क्लेम : तुला अडचण होतेय का? सीट पुढे घेऊ?

रोझॅन : नको. तुझ्या सीटच्या पाठीला इथे दोन खळगे पडलेत. त्याच्या गुडघ्यांचे.

क्लेम : पाठीत रुतायचे माझ्या. गाडीत बसला की मी ओरडायचो, पाय आवर, पाय आवर.

रोझॅन : हात बसतो यात. आख्खी मूठ बसते. क्लेम, एवढे मोठे गुडघे होते त्याचे?

क्लेम : होते.

रोझॅन : हो. होते नाही का. चादरीतून बाहेर यायचे. नववीत असताना एका वर्षात तीनदा नव्या पँट्स घ्याव्या लागल्या होत्या.

क्लेम : रडतेस का?

रोझॅन : नाही. माहीत नाही. तू रस्त्याकडे बघ.

क्लेम : फाटक आलं. धरून बस.

रोझॅन : धरलंय.

क्लेम : घासलं!

रोझॅन : नाही.

क्लेम : डावीकडे. मला आवाज आला. उद्या परत उघडावं लागणार सगळं. दिवस जाईल आख्खा. दोघं तरी लागतील.

रोझॅन : क्लेम, नाही घासलं.

क्लेम : जरासं घासलं. बारीक.

रोझॅन : मी चाकावरच बसलेय. जरासुद्धा घासलं नाही. छान झालंय काम.

क्लेम : छान झालंय?

रोझॅन : हो.

क्लेम : मग झालंच म्हणायचं. वळवतो घराकडे.

रोझॅन : एवढ्यात कुठे वळवतोस?

क्लेम : मग काय करू?

रोझॅन : फाटकावरून परत एकदा घे. या वेळी मी नीट ऐकते.